नकाशा एक, टेबले चाळीस

नकाशा म्हटला की शाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली ती मेणकापडी गुंडाळी आठवते. ती साऱ्या शाळेत एकच. सातवी ‘अ’ने नेली की सातवी ‘ब’ने वाट पाहायची. पुढे संगणक आला आणि कचेऱ्यांतून नकाशे ज्याच्या त्याच्या टेबलावर गेले. आता ते पुन्हा एका जागी जमू लागले आहेत. ही उलटी यात्रा गेले वर्षभर मी एका माजी विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकतो आहे. मराठी घेऊन बी. ए. झालेला हा गृहस्थ पुढे नकाशांच्या नादी लागला, नि आज नद्यानाल्यांची नोंद ठेवणाऱ्या एका कचेरीत (नाव कशाला हवे?) संगणकीय नकाशांचे काम पाहतो.

तुम्ही म्हणाल, कचेरीने आपला संगणक कुठे ठेवावा याच्याशी आमचा काय संबंध? संबंध थेट घरादाराशी आहे. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येण्याजोगा पूर जिथवर पोचेल ती निळी. शंभर वर्षांतला मोठा पूर जिथवर येईल ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मज्जाव, दोहोंमधल्या पट्ट्यात अटी. आता चाळीस टेबलांवर निळ्या रेषेच्या चाळीस प्रती असल्या, नि त्यांतल्या काही दुरुस्तीपूर्वीच्या असल्या तर? या कचेरीत नेमके तेच झाले. एका गृहस्थांना घरावर मजला चढवायचा होता. एका टेबलावर त्यांचे घर कोरडे, शेजारच्या टेबलावर पाण्यात! दोन्ही कागदांवर शिक्का एकाच कचेरीचा.

लबाडी कुणाचीच नव्हती. जुन्या घाटाची नकाशाची फाइल, म्हणजे शेपफाइल, नावाला एक. प्रत्यक्षात ते किमान तीन फायलींचे कुटुंब. एकीत आकृती, दुसरीत अनुक्रमणिका, तिसरीत माहितीचा तक्ता. बहुधा चौथीही असते. मोजणी कोणत्या मापपद्धतीची, हे तिच्यात लिहिलेले. नकाशा या टेबलावरून त्या टेबलावर नेताना ही चौथी मागे राहिली की पुढचा माणूस अंदाजाने चालतो. इंग्रजी अमदानीतल्या एव्हरेस्ट पद्धतीचा नकाशा आजच्या उपग्रहांच्या पद्धतीचा समजून मांडला, तर आपल्याकडे तो शंभरएक मीटर सरकतो. तेवढ्यात एक आख्खी सोसायटी मावते!

तेव्हा कचेरीने नकाशे आणि प्रोग्रॅम दोन्ही मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर न्यायचे ठरवले. निमित्तही होते. टेबलाटेबलावर ज्याचा संसार होता त्या आर्कमॅपची देखभाल १ मार्च २०२६ ला थांबवण्याचे कंपनीने जाहीर केले होते, नि त्याच्या जागी आलेला आर्कजीआयएस प्रो जुन्या संगणकांना पेलवेना.

पण नुसते नकाशे हलवून प्रोग्रॅम टेबलावरच का ठेवला नाही? याचे उत्तर मला मोठे मौजेचे वाटले. नकाशा जरा सरकवला की प्रोग्रॅम सर्व्हरला बारीकसारीक असंख्य प्रश्न विचारतो. समजा प्रश्न हजार, नि तालुक्याच्या गावाहून एकेकाच्या जाण्यायेण्याला सेकंदाचा विसावा भाग. झाली पन्नास सेकंदे! प्रोग्रॅम सर्व्हरच्या शेजारी बसवला की ही प्रश्नोत्तरे घरातल्या घरात उरकतात. लाइनवरून येते ते केवळ पडद्याचे चित्र, नि इकडून जातात त्या माऊसच्या हालचाली.

तशी कल्पना जुनीच. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टनने मद्रासेस आरंभलेल्या त्रिकोणमितीय मोजणीतही मोजणारे रानोमाळ हिंडत, नि पुढे आकडेमोड कचेरीत बसून होई. तिथल्या राधानाथ सिकदारांचा हुद्दाच मुळी ‘कम्प्युटर’ होता. लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटास वारला.

खरी अडचण यंत्राची नव्हतीच. एका शाखेतले वयस्क आरेखक आपली डिस्क देईनात. ओढ्यांची गावकऱ्यांच्या तोंडची नावे, ‘२००५ च्या पुरात पाणी या पारापर्यंत’ अशा खुणा, सारे त्यांनी आपल्या प्रतीत वर्षानुवर्षे टिपले होते, आणि मध्यवर्ती तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. शिवाय तिथली नावे रोमन लिपीत. ‘काळा ओढा’ वाचणाऱ्याच्या तोंडी ‘कला ओढा’ होऊन बसलेला! हे ऐकून माझ्यातला मराठीचा मास्तर चवताळला. माझ्या विद्यार्थ्याने मात्र शांतपणे आरेखकांच्या शेजारी खुर्ची टाकली, तक्त्यात देवनागरीचे रकाने वाढवले नि एकेक नोंद त्यांच्याकडून वाचून घेतली. तीन आठवडे लागले. माझ्या मते त्या साऱ्या खटाटोपातले सर्वांत मोलाचे काम तेच.

सगळे गोड झाले असे नाही. लाइन मंद असली की हात पुढे जातो नि रेषा मागून येते. ओढ्याची वळणे काढताना आरेखक कातावतात. आणि लाइन तुटते ती नेमकी पावसाळ्यात, पूररेषा हवी तेव्हा! त्यासाठी प्रत्येक शाखेला दर आठवड्याला एक प्रत जाते. वर तारीख घातलेली, फक्त पाहायची, बदलायची नाही.

आणि ते गृहस्थ? नव्या नकाशावर त्यांचे घर निळ्या रेषेच्या आतच निघाले. तेथल्या उंचीच्या मोजणीला त्यांनी हरकत घेतली आहे. या खेपेस त्यांच्या हातात एकच कागद आहे, नि ती रेषा कोणी, कोणत्या दिवशी हलवली ते त्यावर लिहिलेले आहे. सुनावणी दिवाळीनंतर आहे.