गाव करील ते राव काय करील?

२०११ च्या जनगणनेत भारतातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख इतकी नोंदली गेली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार व्यक्ती महाराष्ट्रातील होत्या. पुढे २०१५ च्या अखेरीपासून ‘अपंग’ या शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात रूढ होऊ लागला. नाव पालटले, हे ठीकच झाले. परंतु ज्या साधनांच्या बळावर या नागरिकांनी शिकावे, नोकरी करावी, कुणाचा हात न धरता रस्ता ओलांडावा, त्या साधनांच्या बाबतीत किती पालट झाला, हा प्रश्न त्या नावाने सुटत नाही. एवढ्या मोठ्या लोकसंख्येसाठी साबणाच्या कारखानदाराने एव्हाना दहा प्रकारच्या वड्या बाजारात आणल्या असत्या. मराठी पाठ्यपुस्तक अंध विद्यार्थ्याला शुद्ध वाचून दाखविणारे साधन मात्र अजूनही अडखळतच बोलते. असे का व्हावे?

याचे उत्तर कारखानदाराच्या निष्ठुरपणात शोधण्याचे कारण नाही. ते बाजाराच्या रचनेतच आहे. अर्थशास्त्रात गरज आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. गरजेच्या पाठीशी पैसा उभा राहिला म्हणजेच तिची मागणी होते. शिवाय हे पावणेतीन कोटी लोक म्हणजे एक बाजारपेठ नव्हे. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने २१ मानले. प्रत्येक प्रकाराची निकड निराळी, आणि त्यात पुन्हा भाषेची विभागणी. संशोधनाचा खर्च आधी व एकरकमी करावा लागतो. तो वसूल व्हावयाचा तो अशा विखुरलेल्या व बहुतांशी अल्प उत्पन्नाच्या ग्राहकांकडून. साहजिकच खाजगी भांडवल मागे सरते. सरकार खरेदी करते, परंतु निविदेत मागविता येते ते बाजारात तयार असलेलेच. जे अद्याप निर्माणच झालेले नाही, त्याची निविदा कशी काढणार?

या पेचातून तिसरी वाट निघते ती अनेकांच्या थोड्या थोड्या श्रमांची. २००६ साली अमेरिकेत तिला ‘क्राउडसोर्सिंग’ असे नाव मिळाले. आपण तिला लोकश्रम म्हणू. नाव नवे असले तरी कल्पना विदर्भाला परकी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प केला, तेव्हा त्यासाठीची मंडळी प्रथम नागपुरातच मर्यादित कंपनीच्या रूपाने उभी राहिली, आणि कुणा संस्थानिकाच्या खजिन्यावर विसंबून न राहता वाचकवर्गाच्या भागभांडवलावर व वर्गणीवर ते प्रचंड काम तडीस गेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तर श्रमदानाचा मंत्र गावोगाव पोहोचविला. रस्ता, विहीर, शाळा यांसाठी जे श्रम दिले गेले, तेच आता अक्षरांसाठी आणि आवाजासाठी द्यावयाचे आहेत, इतकाच फरक.

या क्षेत्राचा इतिहास आणखी एक गोष्ट शिकवितो. ज्याची अडचण, त्याच्याच हातून तिचे उत्तम उत्तर निघते. फ्रेंच सैन्यातील शार्ल बार्बिए याने अंधारात वाचण्यासाठी बारा ठिपक्यांची लिपी योजिली होती. परंतु बोटाच्या एका स्पर्शात मावेल अशी सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली ती स्वतः अंध असलेल्या लुई ब्रेलने, आणि १८२९ साली ती प्रसिद्ध केली. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी परदेशी प्रणाली हजारो रुपये मोजल्याशिवाय मिळत नसे. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन याने एनव्हीडीए या विनामूल्य प्रणालीची उभारणी सुरू केली व जेम्स तेह त्याला येऊन मिळाला. दोघेही अंध. प्रणालीची अंतर्गत रचना सर्वांना खुली ठेवल्यामुळे देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी ती आपापल्या भाषेत नेली. आपल्याकडे १९६८ साली सिद्ध झालेल्या ‘जयपूर फूट’ची कथाही अशीच आहे. डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या शस्त्रक्रियाज्ञानाला रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातांची जोड मिळाली, म्हणूनच मांडी घालणारा, उकिडवा बसणारा, अनवाणी शेतात जाणारा भारतीय माणूस त्या पायावर उभा राहू शकला.

आता मराठीची निकड पाहा. आपल्या कार्यालयांतून व छापखान्यांतून वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीच्या टंकांत मजकूर जुळविला गेला. डोळ्यांना तो शुद्ध मराठी दिसतो. परंतु प्रत्येक अक्षरामागे युनिकोडचा सर्वमान्य संकेत नसल्याने वाचक-प्रणालीला तो निरर्थक चिन्हांचा ढीग वाटतो. जुन्या पुस्तकांची तर केवळ छायाचित्रेच उपलब्ध असतात. यंत्राने ती अक्षरांत उतरविली, तरी रफार गळतो, अनुस्वार उडतो, ‘घ’चा ‘ध’ होतो. आणि तो दोष दुरुस्त करावयास मराठी जाणणारा माणूसच लागतो. उच्चाराचा प्रश्न त्याहून बिकट. ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांतील ‘ज’ लिहिताना एकच, बोलताना वेगळा; ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’चेही तेच. ऐकणाऱ्याला हा भेद आपसूक कळतो. यंत्राला तो शिकवावयाचा, तर निरनिराळ्या वयाच्या, प्रांतांच्या असंख्य लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित व्हावे लागते. त्यात वऱ्हाडी बोलणारा नसेल, तर अकोल्याच्या शेतकऱ्याचे बोलणे त्या यंत्राला कळणार कसे? मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात किंवा केंद्र सरकारच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’त आपला आवाज देण्याची सोय आहे. त्यासाठी ना पदवी लागते, ना पैसा. काही मिनिटांची फुरसत लागते.

कायद्याची आडकाठीही बरीच दूर झाली आहे. २०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीने दिव्यांगांसाठी, नफा न घेता, पुस्तकाची वाचनसुलभ प्रत करण्यास मुभा दिली. २०१३ च्या मराकेश कराराला २०१४ साली जगात सर्वप्रथम मान्यता दिली ती भारताने. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. म्हणजे परवानगी आहे, कोठारही आहे. वाण आहे ती धान्याची.

हे धान्य पिकविणे आपल्या आवाक्यातले आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाकाठी १२० तास द्यावेत अशी अपेक्षा असते. शंभर विद्यार्थ्यांच्या एका पथकाचे तास झाले १२,०००. त्यांचा केवळ दहावा हिस्सा, म्हणजे १,२०० तास, मराठी पुस्तकांच्या शुद्धीकरणासाठी दिला व एका पानास पाव तास धरला, तर ४,८०० पाने तयार होतात. अडीचशे पानांची सुमारे १९ पुस्तके. हे झाले एका महाविद्यालयाचे एका वर्षाचे काम. आणि एकदा शुद्ध झालेली प्रत दुसऱ्या वाचकाला देण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ज्या वस्तूची पहिली प्रत महाग व पुढची फुकट, तिच्यासाठी बाजारापेक्षा लोकश्रम अधिक किफायतीचा ठरतो.

यावर तीन आक्षेप संभवतात, व तिन्ही रास्त आहेत. हौशी कामात चुका होतात हा पहिला. त्याला उपाय असा की, प्रत्येक पान दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे आणि अखेरचा निर्णय त्या विषयाच्या शिक्षकाने द्यावा. दुसरा आक्षेप असा की, लोक फुकट राबू लागले म्हणजे सरकार हात झटकील. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच सीमारेषा स्पष्ट असावी. स्वयंसेवक पुस्तक शुद्ध करील. कार्यालयाच्या दारातील उतरण बांधणे हे त्याचे काम नव्हे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे बजावले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात संगणकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार जीविताच्या मूलभूत अधिकाराशी जोडला. जेथे अधिकार आहे तेथे दानाची भाषा बोलू नये. तिसरा आक्षेप मालकीचा. लोकांनी दिलेला आवाज आणि अक्षर एखाद्या कंपनीच्या तिजोरीत बंद होऊन, पुन्हा त्याच लोकांना विकले जाऊ नये. सार्वजनिक श्रमाचे फळ सार्वजनिकच राहिले पाहिजे, ही अट प्रारंभीच लेखी करून घ्यावी.

याखेरीज एक पथ्य सर्वांत महत्त्वाचे. काय करावयाचे हे कोणी ठरवावे? सीताबर्डी, महाल, धंतोली येथील पदपथ, बसथांबे, बँका यांची चाकाच्या खुर्चीच्या दृष्टीने नोंद करणारा नकाशा विद्यार्थी सहज तयार करू शकतील. २०१० पासून जर्मनीतील ‘व्हीलमॅप’ हे काम लोकांच्या नोंदींवरच करीत आले आहे. परंतु पायरी किती उंच असली म्हणजे अडते, हे खुर्चीत बसणाराच सांगू शकतो. तेव्हा अशा उपक्रमांत दिव्यांग व्यक्ती लाभार्थी म्हणून रांगेत नव्हे, तर परीक्षक म्हणून खुर्चीवर असावी, आणि त्या परीक्षणाचा मोबदला तिला मिळावा. तिचा अनुभव हे ज्ञान आहे. आणि ज्ञानाला मोल असते, ही गोष्ट शिक्षकांच्या व्यवसायाला तरी वेगळी सांगावयास नको.

येत्या शैक्षणिक वर्षासाठी सेवा योजनेचे आराखडे आखले जातील, तेव्हा वृक्षारोपण व स्वच्छता यांच्या पंक्तीला हे कामही बसवावे. प्रारंभ मोठा नको. जवळच्या अंध विद्यालयात जावे, तेथील विद्यार्थ्यांना कोणते पुस्तक हवे आहे ते विचारावे, आणि त्या एका पुस्तकापासून सुरुवात करावी.