जुन्या नोंदींची आवराआवर

सकाळी 7
विवेकानंद आश्रमाच्या शाळांकडे पोरं निघतात, तेव्हा मी लॅपटॉप उघडतो. टीम पुण्यात, मी मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात. पहिली नजर डिस्कवर. आमच्या नोंदी इलास्टिकसर्च या शोधयंत्रणेत असतात. तिच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एखाद्या नोडची, म्हणजे सर्व्हरची, डिस्क 85 टक्के भरली की त्यावर नवे शार्ड (इंडेक्सचे तुकडे) येत नाहीत, 90 ला असलेले हलू लागतात, 95 ला लिहिणंच बंद पडतं. त्याआधी आवरलेलं बरं.

9.30
मालवाहतुकीच्या नोंदींचा दर महिन्याला एक इंडेक्स. त्याचे 5 शार्ड, प्रत्येकाची एक प्रत. म्हणजे वर्षाला 120. जुन्या नोंदी क्वचितच कुणी शोधतं, पण प्रत्येक शार्ड मेमरी अडवून बसतो.

11
लिहिणं खरंच थांबलंय का, ते तपासतो. ड्रायव्हरच्या मोबाइलला रेंज नसली की नोंद उशिरा येते, म्हणून सरलेला महिना लगेच घेत नाही. मग स्नॅपशॉट, म्हणजे बॅकअप.

12
आता इंडेक्सला कुलूप. ते दोन तऱ्हेचं. ‘रीड-ओन्ली’ लावलं तर सेटिंगही गोठतात, प्रतींची संख्या बदलता येत नाही. ‘राइट ब्लॉक’ फक्त लिहिणं थांबवतो. आज तोच हवा.

दुपारी 2
श्रिंक. इंडेक्सच्या सगळ्या शार्डची एकेक प्रत एकाच नोडवर आणायची आणि 5 चा 1 करायचा. एका प्रतीसह वर्षाचे 120 शार्ड 24 वर येतात.

3.30
फोर्स मर्ज. शार्डमधले विखुरलेले सेगमेंट एक होतात, खोडलेल्या नोंदींनी अडवलेली जागा सुटते. मर्ज चालू असताना डिस्कवर जादा जागा लागते, म्हणून एकेकच इंडेक्स घेतो. इथली लाइट गेली तरी काम सर्व्हरवर चालूच राहतं.

5.30
जुन्या-नव्या इंडेक्समधल्या नोंदींचे आकडे जुळवतो. जुळले की एलियस, म्हणजे शोधासाठी वापरायचं नाव, नव्याकडे, जुना इंडेक्स डिलीट.

6.30
टीमसाठी टिपण लिहितो. नुसत्या कुलपाने फारसं काही वाचत नाही. विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाच्या कढया घासून, एकात एक बसवून ठेवल्या तरच कोठीत जागा होते. कोठीला नुसतं कुलूप घालून होत नाही. कुलपामुळे श्रिंक आणि मर्ज निर्धास्तपणे करता येतात, खरी बचत त्यातून होते. पुढच्या महिन्यांसाठी हाच क्रम आयएलएमच्या (इंडेक्स लाइफसायकल मॅनेजमेंट) धोरणात घालतोय. दुरुस्ती आलीच तर ती वेगळ्या इंडेक्समध्ये जाईल. मर्ज केलेल्यावर पुन्हा लिहायचं नाही.