इंग्रजी वाक्प्रयोग आणि आपली लेखणी

व्याकरणदृष्ट्या निर्दोष इंग्रजी लिहूनही आशय भलताच पोचावा, असा अनुभव आपल्याकडील पत्रव्यवहारात विरळा नाही. शब्द इंग्रजी असतात, रचनाही इंग्रजी असते. अर्थ मात्र मराठी किंवा हिंदी असतो. याचे कारण उघड आहे. वाक्प्रयोग ही शब्दांची बेरीज नव्हे. तो अखंडपणे एकच शब्द होय. त्याचे तुकडे करून भाषांतर केले की अर्थ निसटतो.

मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, हिंदीतही देतो. इंग्रजीत मात्र तो ती ‘टेक’ करतो, म्हणजे घेतो. ‘गिव्ह’ करणारा तो परीक्षक. म्हणून ‘आय गेव्ह ॲन एक्झॅमिनेशन’ हे वाक्य आपल्या देशात खटकत नसले, तरी परदेशी वाचकास उमेदवार हाच परीक्षक वाटण्याचा संभव असतो. आपण विषया‘वर’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘ऑन’ वा ‘अबाउट’ जोडतो. वस्तुतः ते क्रियापद सरळ कर्म घेते. आपला विवाह कोणा‘शी’ तरी होतो, म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते. इंग्रजीस तेथे ‘टु’ हवे.

या चुकांपेक्षा घातक चूक ‘डाउट’ या शब्दाची. मराठीत शंका विचारता येते, तशीच ती घेताही येते. इंग्रजी ‘डाउट’मध्ये मुख्यत्वे शंका घेण्याचाच भाव आहे. एखाद्याच्या हिशेबाविषयी आपणांस ‘डाउट’ आहे असे कळविले, तर आपण खुलासा मागितला असे त्याला वाटणार नाही. आपण अविश्वास दाखविला असेच वाटेल. तेथे ‘क्वेश्चन’ हा साधा शब्द योजावा.

ग्वाल्हेरकरांना हा विवेक वास्तविक नवा नाही. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीतील ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीतील ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि मराठीतील ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हा भेद लष्करातील मराठी घरांत लहान मूलही जाणते. दोन भाषांच्या सीमेवर राखलेले हे भान तिसऱ्या भाषेपाशी सुटावे, याचे नवल वाटते. १९६१ साली येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा कुसुमावती देशपांडे या इंग्रजीच्या प्राध्यापिका आणि मराठीच्या समीक्षक होत्या, हे या संदर्भात स्मरणीय आहे. एका भाषेचा व्यासंग दुसरीच्या आड येतोच असे नाही.

उपाय साधा आहे. नवा वाक्प्रयोग आढळला की त्याचा मराठी अर्थ टिपून न थांबता ज्या वाक्यात तो आला ते संपूर्ण वाक्य उतरून घ्यावे. कोणते क्रियापद, कोणते शब्दयोगी अव्यय, हे त्यातच कळते. ज्याविषयी खात्री नाही, तो वाक्प्रयोग केवळ भारदस्त दिसतो म्हणून वापरू नये. आपले म्हणणे पुष्कळदा साध्या शब्दानेच अचूक पोचते; आणि ते पोचावे, एवढ्याचसाठी आपण लेखणी उचललेली असते.