आळंदीची भिंत तुर्कस्तानातही चालली होती?

चऱ्होलीपासून आळंदी हाकेच्या अंतरावर. त्यामुळे इथल्या मुलांना ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत ही गोष्ट वाटतच नाही; ती शेजारच्या गावातली एक जागा असते. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव भेटीला आले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई भिंतीवर बसले होते, आणि भिंतच पाहुण्यांना सामोरी गेली.

आता जरा लांब जाऊ. तुर्कस्तानातले तेराव्या शतकातले सूफी संत हाजी बेक्ताश यांच्या आख्यायिकेत सय्यद महमूद हैरानी सिंहावर बसून येतात. हातात चाबूक? सापाचाच! आणि हाजी बेक्ताश निर्जीव दगडी भिंतीवर बसून पुढे जातात. कुर्दिस्तानच्या सुलतान सहाकबद्दल आणि आपल्या लखनौच्या शाह मीना यांच्याबद्दलही चालत्या भिंतीची कथा आहे. डच अभ्यासक मार्टिन व्हान ब्रुइनेसन यांनी १९९१ मध्ये या भिंतींवर लेख लिहिला, तर १९९४ मध्ये सायमन डिग्बी यांनी वाघ आणि भिंतीवर बसणाऱ्या भारतीय सूफींचा मागोवा घेतला.

हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला : कुणी कुणाची ढापली? कमेंटमध्ये यावरून हाणामारी होऊ शकते, पण तारखा फारशी मदत करत नाहीत. हाजी बेक्ताश आणि ज्ञानेश्वर दोघेही तेराव्या शतकातले. मात्र बेक्ताशांचं चरित्र पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलं गेलं, आणि महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. लिहून ठेवण्याआधी गोष्ट किती काळ तोंडोतोंडी फिरली, ते कागद सांगत नाही. फकीर, नाथजोगी, व्यापारी, सैनिक एकाच वाटेनं जात-येत होते. गोष्टीला दाखला लागत नाही.

सगळीकडे युक्तिवाद मात्र एकच. जिवंत जनावर वश करणं मोठं खरं, पण निर्जीव वस्तूनं ऐकणं त्याहून मोठं. अनातोलियातला सिंह आपल्याकडे वाघ होतो, एवढा बदल प्रत्येक गाव करतंच.

खरी मजा फरकात आहे. बाकीच्या कथांत बहुतेक दोन बुजुर्ग समोरासमोर असतात. आळंदीत एका बाजूला चौदाशे वर्षांचा योगी आणि दुसऱ्या बाजूला वाळीत टाकलेल्या घरातली चार पोरकी भावंडं. कुणाचा मोठेपणा कुणी ठरवायचा, हा प्रश्न इथे जास्त बोचतो. म्हणून ‘ही तर सगळीकडचीच गोष्ट’ म्हणून ती झटकणं चुकीचं, आणि ‘फक्त आमचीच’ म्हणणंही.

प्रभातच्या १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत पडद्यावर चालली. आज रील करायची तर मोबाइलवरही ती चालवता येते, पण रील तिथेच संपते आणि कोरं पत्र राहून जातं. भेटीआधी चांगदेवांनी पत्र पाठवलं ते कोरंच, कारण मायना काय लिहावा हेच सुचेना : वयानं लहान, ज्ञानानं मोठे. इतकी वर्षं जगून कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली, अशी परंपरा आहे. त्या पत्राला ज्ञानेश्वरांनी दिलेलं उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. त्या ६५ ओव्यांत चालत्या भिंतीची गोष्ट नाही. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताबाईला.