टोचल्यानंतर किती दिवसांनी?

गणपतीच्या दिवसांत वडखळ नाक्यावर गाडी अडकली की रस्त्याकडेच्या पांढऱ्या कांद्याच्या माळांचा भाव करून होतो, एक वडापाव पोटात जातो, आणि तरीही पॉडकास्ट संपत नाही. दोन-दोन तास निवांत बोलणारा तो आवाज हळूहळू घरातल्या माणसासारखा वाटू लागतो. टीव्ही नवा होता त्या काळात, १९५६ साली, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ही एकतर्फी ओळख टिपली होती. पडद्यावरच्या माणसाला आपला पत्ता नसतो, आपण मात्र त्याला दोस्त मानून बसतो. आता तो दोस्त थेट कानात शिरला आहे. जो रोगन या विनोदी कलाकाराच्या पॉडकास्टवर कोविड लशीबद्दल जे काही बोललं जात होतं, त्याच्या निषेधार्थ नील यंगने जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफायवरून आपली गाणीच काढून घ्यायला लावली.

आपल्याकडचं उदाहरण इतकं सरळ नाही. अभिनेता श्रेयस तळपदे हा ओळखीचा आवाज. हिंदीतला ‘पुष्पा’ बोलतो तो त्यांच्याच गळ्यातून. १४ डिसेंबर २०२३ रोजी चित्रीकरण आटोपून घरी आल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. मे २०२४ मध्ये ‘लेहरेन’ला दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले, की यामागे कोविड असेल किंवा लस असेल, लशीची शक्यता मी नाकारणार नाही. खात्रीने सांगता येत नाही, हेही ते बोलले होते. पण बातम्यांत शंका उरली आणि अनिश्चितता गळाली. मरणाच्या दारातून परतलेला माणूस ‘मलाच का?’ विचारणारच, त्याबद्दल त्यांना खोटारडं ठरवणं अन्यायाचं होईल. खरी गंमत पुढे आहे, कारण लशीच्या दुष्परिणामालाही स्वतःचं घड्याळ असतं.

त्या मुलाखतीच्या थोडंच आधी बातमी फुटली होती, की ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधल्या न्यायालयात आपल्या लशीचा एक दुर्मीळ दुष्परिणाम मान्य केला. हीच लस पुण्याच्या सीरमने कोविशील्ड नावाने बनवली. लोकांना वाटलं, गुपित उघडं पडलं. प्रत्यक्षात जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाच्या आंद्रेआस ग्राइनाखर यांच्या चमूने एप्रिल २०२१ मध्येच ते छापून टाकलं होतं. लाखो माणसांना लस दिली जात असताना अवघ्या ११ रुग्णांवरून त्यांनी माग काढला.

काय होतं या दुष्परिणामात? लशीतल्या विषाणूच्या कवचावर ऋण विद्युतभार असतो. आपल्या प्लेटलेटमधून बाहेर पडणारं ‘पीएफ ४’ नावाचं प्रथिन धनभारित. दोघं चिकटले, की क्वचित एखाद्या शरीराला आपलंच प्रथिन परकं वाटतं आणि ते त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं प्लेटलेटना चिथावतात आणि ठिकठिकाणी गुठळ्या होतात. आता विरोधाभास पाहा: रक्त गोठतंय आणि त्याच वेळी तपासणीत प्लेटलेट कमी निघतात! नाक्यावर सगळ्या गाड्या अडकल्या की पुढचा अलिबागचा रस्ता जसा रिकामा दिसतो, तसंच.

आणि प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात, वर्षं नाहीत. त्या ११ रुग्णांना त्रास सुरू झाला तो पाचव्या ते सोळाव्या दिवसादरम्यान. महिना-दीड महिना उलटला की हा धोका जवळजवळ सरतो. भारतात या दुष्परिणामाचं प्रमाणही फार कमी निघालं. मे २०२१ मध्ये आरोग्य मंत्रालयाने दिलेला आकडा होता दहा लाख डोसमागे ०.६१. बहुतेक भारतीयांनी डोस घेतले २०२१ साली. डिसेंबर २०२३ चा झटका त्या घड्याळात बसवायचा तरी कुठे? कोलेस्टेरॉल थोडं जास्त होतं, त्यावर औषध चालू होतं, हे तळपदे यांनीच सांगितलं आहे.

मग ‘लस घेतली आणि आठ दिवसांत गेला’ अशी प्रत्येक गावात एक तरी गोष्ट का? जरा गणित करू. १७ सप्टेंबर २०२१ या एका दिवसात देशात अडीच कोटींहून जास्त डोस दिले गेले. आपला वार्षिक मृत्युदर हजारी सहाच्या आसपास आहे. म्हणजे त्या अडीच कोटींतली वर्षाला दीड लाख माणसं एरवीही जाणार, आठवड्याला जवळपास तीन हजार. लशीऐवजी सगळ्यांना त्या दिवशी गुळाचा खडा दिला असता, तरी तीन हजार घरांत ‘गूळ खाल्ला आणि गेला’ हे वाक्य ऐकू आलं असतं. यातला एकही माणूस खोटं बोलत नसता, म्हणून तर ही गोष्ट इतकी खरी वाटते.

योगायोग वेगळा काढायचा तर लस न घेतलेले आणि लस घेतलेले शेजारी ठेवून मोजावं लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तेच केलं. ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या ७२९ अचानक मृत्यूंची माहिती जमवली आणि त्याच वयाच्या, त्याच परिसरातल्या २,९१६ जिवंत माणसांशी ताडून पाहिली. तळपदे या वयोगटात बसत नाहीत आणि सुदैवाने वाचलेही. प्रश्न मात्र तोच होता. दोन डोस घेतलेल्यांत अचानक मृत्यूची शक्यता जवळपास निम्मी निघाली. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या: कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागणं, घराण्यात अचानक मृत्यू झालेला असणं, आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू पिणं किंवा अंगाला झेपणार नाही इतकी मेहनत करणं. हा अभ्यास त्या मुलाखतीच्या सुमारे सहा महिने आधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पण ७२९ मृतांना आवाज नसतो, आणि संशोधनपत्रिकेच्या तक्त्यांना तर नसतोच नसतो.