काडतूस कोणाचे? पिस्तुलाचे की रायफलीचे?

काडतूस हा शब्द आपल्या घरात शिरला तो शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून. १८५७ साली एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांनी केवढा भडका उडवला, हे पाठ करूनच आपण परीक्षा दिल्या. ती काडतुसे कागदाची होती. आजचे काडतूस बहुधा पितळेचे असते आणि त्यात चार वस्तू असतात : पितळी नळकांडे, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी.

चित्रपटातला इन्स्पेक्टर जमिनीवरचे रिकामे नळकांडे उचलतो आणि क्षणात सांगतो, "हे पिस्तुलाचे!" त्याला ते कशावरून कळते?

जाडीवरून, असे आपल्याला वाटेल. पण आपल्या सरकारी कारखान्यांत नागरिकांसाठी बनणारे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणि .३१५ बोअरची रायफल यांचेच पाहा. दोन्हींच्या गोळीचा व्यास सुमारे ८ मिलिमीटर! फरक आहे तो नळकांड्याच्या लांबीत. रिव्हॉल्व्हरचे नळकांडे जेमतेम २३ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढे. रायफलीचे त्याच्या दुपटीहून लांब.

लांबीहून महत्त्वाची आहे ती आतली दारू. चुलीचा अनुभव असलेल्या गृहिणीला हे चटकन समजेल. काटक्या भुर्रकन जळतात, ओंडका सावकाश पेटतो आणि बराच वेळ आच देतो. पिस्तुलाची नळी चार-पाच इंचांची. गोळी तेवढ्यातच बाहेर पडणार, म्हणून तिथे काटक्यांसारखी झटपट जळणारी दारू हवी. जुन्या .३०३ रायफलीची नळी चांगली २५ इंचांची. तिथे ओंडक्यासारखी दारू गोळीला शेवटपर्यंत ढकलत राहते. म्हणून ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जाते, तर .३०३ ची ७०० मीटरांच्याही पुढे. ही अदलाबदल जिवावर बेतते : रायफलीचे नळकांडे पिस्तुलाच्या दारूने भरले, तर दाब एकदम चढून बंदूक चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटायची.

राहता राहिला आकार. रायफलीच्या काडतुसाला बहुधा बाटलीसारखा गळा असतो, पिस्तुलाचे सरळसोट असते. पण नियम आला की अपवाद आलाच! १८९६ च्या माउझर पिस्तुलाचे काडतूस गळ्याचे, तर १८७३ सालचे अमेरिकन .४५-७० हे रायफलीचे असून सरळ. त्याच १८७३ साली विंचेस्टर कंपनीने आपल्या रायफलीसाठी .४४-४० काढले, पुढे १८७८ साली कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर विकायला आणले. घोडेस्वाराला दोन हत्यारांना मिळून एकच पट्टा पुरू लागला. आणि १८८७ पासून चालत आलेले चिमुकले .२२ तर दोन्ही घरचे पाहुणे. अमेरिकन कारखानदारांची मानके ठरवणारी संस्था पिस्तूल आणि रायफल यांचे वेगवेगळे खंड छापते; .२२ मात्र कडेवर ठिणगी पडणाऱ्या काडतुसांच्या तिसऱ्याच खंडात बसते.

कारखानदाराचे असे भागते. कायद्याचे भागत नाही. १९६८ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे दुकानदाराने रायफलीचे काडतूस १८ वर्षांखालच्या आणि पिस्तुलाचे २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला विकायचे नाही. मग १९ वर्षांच्या मुलाने .२२ मागितले तर? ते रायफलीसाठीच आहे, अशी दुकानदाराने खात्री करून घ्यायची आणि द्यायचे! कॅलिफोर्नियाने २००९ साली आणखी कडक कायदा केला : पिस्तुलाची काडतुसे घेणाऱ्याने समक्ष यावे, अंगठ्याचा ठसा द्यावा. पण 'मुख्यतः पिस्तुलासाठी' म्हणजे नेमकी कोणती? खुद्द एका परगण्याचा शेरीफच हा प्रश्न घेऊन न्यायालयात गेला. जो नियम पाळायचा कसा हेच कळत नाही, त्यासाठी माणसाला गुन्हेगार कसे ठरवायचे? २०११ साली फ्रेस्नोच्या न्यायालयाने ती कलमे संदिग्ध म्हणून रद्द केली. शेवटी २०१६ साली मतदारांनी कौल दिला आणि नव्या कायद्यात पिस्तूल-रायफल हा भेदच गाळून सरसकट सगळी काडतुसे घेतली गेली.

आपल्याकडे हा घोळ नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय कोणतेच काडतूस बाळगता येत नाही. मग ते रायफलीचे असो की पिस्तुलाचे.

तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबांचे उत्तर बहुधा बरोबर येईल, नेहमीच नाही. काडतुसावर आपण नाव घालतो ते कारखान्याच्या आणि दुकानाच्या सोयीसाठी. ते नाव काडतुसाला थोडेच ठाऊक असते? ज्या नळीत ते नीट बसेल, तिचेच ते होऊन जाते.