चिया आणि ज्वारी : पेरणीपूर्वी थोडा विचार

चियाला मागणी येऊ लागल्यापासून, ज्वारी मोडून चिया पेरावी काय, असे मुदखेड परिसरातील शेतकरी व औषध विक्रेते आम्हास विचारतात. दोन्ही पिके रब्बीची असली तरी त्यांच्या गरजा भिन्न आहेत.

चिया (साल्विया हिस्पॅनिका) ही तुलसीकुलातील, मूळची मेक्सिको-ग्वाटेमालाकडील. हजार बियांचे वजन दीड ग्रॅमही भरत नाही; म्हणून ती भुसभुशीत, ओलसर मातीत जेमतेम १ सेंटिमीटर खोल पेरावी लागते. वरचा थर सुकला की उगवण फसते. दिवस लहान होताच ती फुलोऱ्यावर येते. पेरणी लांबल्यास झाड खुजे राहून उतारा घटतो. साचलेले पाणीही तिला सोसत नाही.

ज्वारी, म्हणजेच यावनाल, तृणकुलातील. तिचा टपोरा दाणा सुमारे ५ सेंटिमीटर खोल ओलीवर पडतो. मुळे काळ्या जमिनीत खोलवर जातात. म्हणूनच साठलेल्या ओलाव्यावर दाणा व कडबा दोन्ही हाती येतात.

तात्पर्य, कोरडवाहू रानातील ज्वारी मोडू नये. पाणी व निचरा असेल तेथेच चियाचा लहानसा तुकडा करून पाहावा. शिवाय चिया म्हणजे सब्जा नव्हे. काळा सब्जा व करडी, ठिपकेदार चिया यांच्या बरण्या वेगळ्याच ठेवाव्यात, ही व्यावसायिक बंधूंस विनंती.